हलक्या हाताचे ड्रमर

नमस्कार, श्रोतेहो.

ड्रमर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो घामाघूम होऊन दणादण बडवणारा माणूस. त्यात खोटं काही नाही, आम्ही बडवतोच. पण एका ड्रमरचा दुसऱ्या ड्रमरवर जीव जडतो तो बहुधा जोरकस ठोक्यांमुळे नाही. त्यानं हळूच वाजवलेले ठोके, किंवा मुद्दाम सोडून दिलेले ठोके, यांनी तो जडतो. माझ्या अशाच काही लाडक्या मंडळींबद्दल आज बोलतो.

पहिला मान क्लाइड स्टबलफील्डचा. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधला हा ड्रमर. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत ‘फंकी ड्रमर’ ध्वनिमुद्रित झालं. गाणं पाचेक मिनिटं चालल्यावर ब्राउन बाकीच्या वादकांना थांबवतो आणि क्लाइडला बजावतो की सोलो वगैरे करू नकोस, चाललंय तेच चालू ठेव. मग जेमतेम वीस सेकंद नुसते ड्रम्स. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हाच तुकडा उचलून हजाराहून जास्त गाण्यांत वापरला. रचनाकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे क्लाइडच्या पदरात रॉयल्टी पडली नाही. २०१७ साली तो गेला. हा हिशेब मला अजून पटत नाही.

त्या वीस सेकंदांत आहे काय? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, ठणका सगळ्यांनाच ऐकू येतो. खरी कारागिरी त्याच्या मधल्या जागांत आहे. तिथे डावी काडी कातड्यापासून इंच-दीड इंचच उचललेली असते आणि आपल्याच वजनानं खाली पडते. आम्ही याला घोस्ट नोट म्हणतो. हे ठोके गाळून तोच ठेका वाजवून बघा. मात्रा बरोबर भरतात, हिशेब चुकत नाही, पण ऐकणाऱ्याचा पाय जागचा हलत नाही.

या घोस्ट नोटांवर बर्नार्ड पर्डी या अमेरिकन ड्रमरनं अख्खा ठेका उभा केला. ‘पर्डी शफल’ या नावानंच तो ओळखला जातो. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे. पहिला आणि तिसरा भाग उजव्या हातानं हाय-हॅटवर (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी), मधला भाग डाव्या हातानं स्नेअरवर, अगदी पुसट. आणि तिसऱ्या मात्रेवर तोच डावा हात एकदम मोठा ठोका देतो. म्हणजे कुजबुज आणि आरोळी एकाच हाताच्या वाट्याला! १९८२ साली टोटो बँडच्या ‘रोझाना’साठी त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारोनं हाच शफल घेतला, त्यात जॉन बोनमची चाल मिसळली आणि कुठून काय घेतलं ते स्वतःच मोकळेपणानं सांगून टाकलं. असा मोठेपणा मला वादनाइतकाच भावतो.

बोनमचं नाव निघालंच आहे. लेड झेपेलिनचा हा गडी दांडगाच, पायातल्या पेडलनं वाजणारा बास ड्रम सव्वीस इंची. पण नुसता जोर ऐकाल तर अर्धा बोनम हातचा जाईल. एकाच पेडलवर उजव्या पायानं तो असे झपझप ठोके काढायचा की दोन पेडल असणार, अशी लोकांची खात्रीच व्हायची. १९७१ च्या अल्बममधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी ड्रमकिट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात मांडलं आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं दोन माइक वर जिन्यात लावले. ठोका पडतो, घुमत वर जातो, आणि बोनम त्याला पुरता घुमू देतो. मध्ये जागा भरायची घाई नाही. हा ठेका वाजवणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांना पुढच्या ठोक्यापर्यंत दम धरवत नाही.

रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स तर ठोके सोडण्यातला उस्ताद. आपण सगळे उजव्या हातानं हाय-हॅट सलग वाजवत राहतो. चार्लीचा डावा हात स्नेअरवर पडला की उजवा हात हाय-हॅटवरून अलगद वर उचलला जायचा. त्यामुळे स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू यायचा. त्याचं चित्रण पाहायला मिळालं तर बाकी काही बघू नका, तो उजवा हात बघा.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याला नावं ठेवणारे आजही सापडतात. माझं मत विचाराल तर त्यांनी तो नीट ऐकलेला नाही. रिंगो डावखुरा, आणि बसायचा उजव्यांसाठी मांडलेल्या किटवर. स्नेअरवरून टॉमकडे, म्हणजे खोल आवाजाच्या ड्रमकडे, जाताना डाव्या हातानं सुरुवात, म्हणून त्याच्या फिल्स, म्हणजे ठेक्यामधले छोटे भरीचे तुकडे, किंचित अडखळल्यासारख्या येतात. तीच त्यांची लज्जत. उजव्या हातानं ती सहीसही नक्कल होत नाही.

बडी रिच? जॅझमधला वेगाचा बादशहा, एका हातानं रोल, म्हणजे ठोक्यांची अखंड सर, काढणारा. ऐकताना थक्क व्हायला होतं, पण त्याच्यासारखं वाजवावं असं मला सहसा वाटत नाही. टोनी विल्यम्सचं मात्र वेगळं. १९६३ मध्ये जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला तेव्हा वय सतरा, आणि त्या वयात राइड सिंबलवर, म्हणजे लय धरणाऱ्या मोठ्या झांजेवर, लय खेचायची, सैल सोडायची, पुन्हा धरायची, हे धाडस!

शेवटचा टोनी ॲलन. नायजेरियाचा, तिथल्याच गायक-वादक फेला कुटीचा साथीदार. आफ्रिकी ताल, फंक आणि जॅझ यांच्या मिश्रणाचा, म्हणजे आफ्रोबीटचा, ताल घडवणारा हाच. दोन हात, दोन पाय, प्रत्येकाचं बोलणं वेगळं आणि एकही जण ओरडत नाही. त्याच्या ठेक्यात बास ड्रम तुमच्या अपेक्षेच्या जागी सहसा पडत नाही, तरी लय कुठे सुटत नाही. शिकणाऱ्यांनी तो ठेका आधी प्रत्येक हातापायाचा वेगळा बसवावा, मेट्रोनोम (ठरल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून, आणि मगच चौघांना एकत्र आणावं. वेग वाढवायचा मोह होईल. डावा पाय हाय-हॅटवर पक्का झाल्याशिवाय वेग वाढवू नये.