अकरा फुटांचा पतंग

(दृश्य: पहाट. संथ नदी. डोलकाठीवर दोरी आपटण्याचा टकटक आवाज.)

हे पाणी गढूळ नाही. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ आहे, रंग मात्र कोऱ्या चहाचा. नदीच्या वरच्या अंगाला 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प' नावाची अफाट दलदल आहे. तिथल्या कुजलेल्या पाना-मुळांचा अर्क उतरतो आणि पाण्याला हा रंग येतो. नदी पास्क्वोटँक. गाव एलिझाबेथ सिटी. राज्य नॉर्थ कॅरोलायना, अमेरिकेचा पूर्व किनारा. नावात 'सिटी' असली तरी वस्ती वीस हजारांच्या आसपास.

दर सप्टेंबरात इथे गाड्या येतात, आणि त्यांच्या टपांवर दोरीने बांधलेल्या होड्या. होड्या इतक्या लहान की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी घर बदलतंय आणि टपावर कपाट उपडं टाकलंय. हे सगळे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी आलेले असतात. राष्ट्रीय म्हटलं की डोळ्यांपुढे मांडव, जाहिरातींचे फलक आणि ध्वनिक्षेपकावरची भाषणं येतात. इथे गवतावर पालथ्या घातलेल्या होड्या आहेत आणि त्यांच्या तळाला पॉलिश पेपर घासणारी माणसं.

या होडीला म्हणतात मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेप घेणारा. मराठीत पतंग आकाशात उडवायचाही असतो. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडाचे ओंडके, नदीकाठचे कारखाने.)

1929 साल. जोएल व्हॅन सँट नावाचा कप्तान या गावात होता. मूळचा न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीकडचा. त्या दलदलीतून येणारं एक लाकूड त्याच्या नजरेत भरलं. शास्त्रीय पुस्तकात ते अटलांटिक व्हाइट सिडार, इथल्या माणसांच्या तोंडी जुनिपर. वजनाला हलकं, पाण्यात लवकर न कुजणारं, रंध्याखाली लोण्यासारखं सोलून निघणारं. होडी बांधणाऱ्याला आणखी काय हवं?

व्हॅन सँटने अकरा फुटांची होडी आखली आणि गावातल्या अर्नेस्ट सँडर्स यांनी ती बांधली. एक माणूस, एक शीड, एक सुकाणू. नाव ठेवलं 'जम्पिंग जुनिपर', उड्या मारणारं जुनिपर. पाण्यावर कशी चालत असेल, ते नावच सांगतं.

साल पुन्हा ऐका, 1929. त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. मोठ्या यॉटा बाळगणाऱ्यांचे हात आखडले. अशा वेळी एका माणसाला पेलणारी, गाडीच्या टपावर मावणारी, हातात थोडी कारागिरी असेल तर परसात बांधता येणारी होडी आली. ती पसरली यात नवल नाही. 1932 पर्यंत तिची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. न्यू जर्सीत व्हेंटनर बोट वर्क्ससारखे कारखाने मॉथ बांधू लागले. फ्लॉरिडापर्यंत शर्यती होऊ लागल्या.

(दृश्य: कोरा कागद. त्यावर पेन्सिलीने काढलेली होडीची बाह्यरेषा. आतला भाग रिकामा.)

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी भानगड या कागदावर आहे.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत 'वर्ग' असतात. काही वर्गांत सगळ्या होड्या एका साच्यातल्या, जुळ्या बहिणींसारख्या. जिंकायचं ते वाऱ्याच्या जाणकारीवर. मॉथचं तसं नाही. मॉथचा नियम चौकट घालून देतो आणि बाजूला होतो. लांबी अकरा फुटांच्या आत. शीड बहात्तर चौरस फूट. रुंदीला, वजनाला मर्यादा. या चौकटीत तळ गोल ठेवा, चपटा ठेवा, होडीची पुढची नाळ टोकदार करा नाहीतर बोथट, तुमचं डोकं आणि तुमची करवत. क्रिकेटच्या नियमात बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपुढे जाऊ देत नाहीत, पण फळी कुठे फुगवायची ते बॅट करणाऱ्यावर सोडतात, तसंच हे.

म्हणजे मॉथ नावाची अशी एक होडी कधी नव्हतीच. मॉथ हा एक नियम आहे. त्या नियमात बसणारी प्रत्येक होडी मॉथ.

योगायोग पाहा. व्हॅन सँटच्या वर्षभर आधी, 1928 मध्ये, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या इन्व्हरलॉक गावात लेन मॉरिस नावाच्या माणसाने अकरा फुटांचीच एक होडी बांधली होती. एकच शीड. नाव 'ऑलिव्ह'. या दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियन मंडळींनी मासिकात अमेरिकन मॉथबद्दल वाचलं, मापं जवळपास जुळताहेत हे पाहिलं, आणि आपल्या होड्यांनाही मॉथ म्हणायला सुरुवात केली. नाव एक झालं. नियम मात्र दोन राहिले, आणि ऑस्ट्रेलियाचा जास्त सैल होता.

1960 च्या दशकात ठरलं, की एका नावाचे दोन वर्ग कशाला? एकत्र येऊ. 1965 पासून टप्प्याटप्प्याने नियम जुळवत नेले आणि 1970 चं दशक उजाडता उजाडता चौकट ऑस्ट्रेलियन वळणाची झाली. शीड मोठं. होडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर बसायला पंख. हलकेपणाला धरबंध उरला नाही.

कागदावर हे विलीनीकरण होतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ असा, की ज्या माणसाने तीन हिवाळे खपून मॉथ बांधली होती त्याच्या होडीला आता शर्यतीत कुणी हरवायचीही गरज नव्हती. ती जुनी ठरली होती. आणि याच सुमाराला, 1971 मध्ये, 'लेझर' नावाची एकट्याने चालवायची शिडाची होडी बाजारात आली. फायबरग्लासची, कारखान्यातून निघालेली, सगळ्या सारख्या. विकत घ्या, पाण्यात घाला, सुटा. रविवारी सकाळी करवत घेऊन बसायला कोण तयार होणार?

अमेरिकेतल्या मॉथ हळूहळू दिसेनाशा झाल्या. लाकडी होडी जाळायला जीव होत नाही. मग ती गोठ्याच्या आढ्याला टांगली जाते, गॅरेजात उभी केली जाते, आणि तिच्यावर रंगाचे डबे रचले जातात.

(दृश्य: अंधाऱ्या शेडमध्ये छताला उलटी टांगलेली होडी. टॉर्चचा झोत. कोळिष्टकं.)

वीसेक वर्षं अशीच गेली.

1980 चं दशक संपता संपता काही जुन्या खेळाडूंनी या होड्या खाली उतरवायला सुरुवात केली. पण होडी उतरवणं हे सोपं काम. अवघड प्रश्न होता, शर्यत कुठल्या नियमाने लावायची? जागतिक वर्ग तर पंख लावून निघून गेला होता. त्याच्या नियमात शिरावं तर पहिल्याच दिवशी शेवटचे. नुसतं 'जुन्या होड्यांचं प्रदर्शन' करावं तर ते संग्रहालयाचं काम. शर्यत नव्हे.

त्यांनी घड्याळाचा काटा मागे नेला आणि विलीनीकरणाच्या आधीच्या अमेरिकन नियमावर बोट ठेवलं. अकरा फूट. बहात्तर चौरस फूट शीड. रुंदी साठ इंच. रिकाम्या होडीचं वजन पंचाहत्तर पौंडांच्या खाली नको, म्हणजे साधारण चौतीस किलो. पंख नाहीत, ट्रॅपीझ (डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून बाहेर झुकण्याची सोय) नाही. या चौकटीला नाव दिलं 'क्लासिक मॉथ'.

मला यातली खुबी आवडते ती अशी. त्यांनी 1935 ची किंवा 1955 ची होडी गोठवली नाही. त्या काळचा नियम परत आणला, आणि नियमाच्या आतली मोकळीक तशीच ठेवली. नवीन आराखडे काढा, कुणी अडवत नाही. लोकांनी ते काढलेही. वर साठ इंच रुंद पण पाण्यात बसणारा भाग चिंचोळा, अशा होड्या आल्या. त्या पळतात झकास, आणि नवख्याला क्षणात पाण्यात टाकतात. मग जुन्या धाटणीच्या होड्यांवर अन्याय नको म्हणून दोन पिढ्या मानल्या, पहिली आणि दुसरी, शिवाय खरोखरच्या पुराण्या होड्यांचा वेगळा गट. बक्षिसं वेगळी.

कुणी म्हणेल, हे पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचे गतकाळाचे उमाळे आहेत. काही अंशी असतीलही. पण उमाळ्यावर एखादा मेळावा भरतो, शर्यतीचा हंगाम चालत नाही. दक्षिणेत चार्ल्सटन, उत्तरेत ब्रिगँटाइन, थंडीत फ्लॉरिडा अशा शर्यती लागत गेल्या आणि सगळ्यांच्या टोकाला सप्टेंबरातली राष्ट्रीय शर्यत, जिथे पहिली मॉथ पाण्यात उतरली त्याच नदीवर.

या राष्ट्रीय शर्यतीचं काम काय, हे कळायला गणपतीच आठवावा लागतो. घराला रंग द्यायचा आहे, हे आपल्याला वर्षभर माहीत असतं. होतो कधी? चतुर्थी आठ दिवसांवर आली की. इथेही तेच. फुटलेली फळी बदलायची आहे, शिडाची शिवण उसवली आहे, सुकाणूची बिजागरी गंजली आहे, हे त्या गॅरेजातल्या माणसाला मार्चमध्येही माहीत असतं. सप्टेंबरची तारीख जवळ आली की रात्री अकराला दिवा जळताना दिसतो. होड्या दुरुस्त झाल्या म्हणून शर्यत होते असं वाटतं. खरं तर शर्यत आहे म्हणून होड्या दुरुस्त होतात.

(दृश्य: दुसऱ्याच ठिकाणची, आजच्या काळातली मॉथ. पाण्याच्या वर, नुसत्या पात्यावर उभी, सुसाट.)

आणि ही कोण?

हीसुद्धा मॉथ. त्या दुसऱ्या वाटेने गेलेली. लांबी तीच, अकरा फूट. सैल नियमाने हलकेपणाची चढाओढ लावली. होडी चिंचोळी होत गेली, लाकूड जाऊन कार्बन फायबर आलं, आणि नव्या शतकाच्या तोंडावर ऑस्ट्रेलियन मंडळींनी पाण्याखाली विमानाच्या पंखासारखी पाती बसवली. वेग आला की पात्यांवर उचल बसते आणि अख्खी होडी पाण्याबाहेर. 2005 मध्ये रोहन व्हील याने अशाच उडत्या मॉथवर जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर पाण्याला चिकटून पळणाऱ्याला तिथे काही काम उरलं नाही. आज या होड्या तीस नॉटच्या पुढे जातात, ताशी पंचावन्न किलोमीटरहून जास्त. पतंग शब्दाचा दुसरा अर्थ खरा झाला तो असा.

तिसरी एक वाट युरोपात फुटली. तिथल्या एका मॉथचा आराखडा पक्का करून त्याचा स्वतंत्र वर्ग झाला, 'युरोप'. 1992 ते 2004 ही डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, ऑलिंपिकमध्ये महिलांच्या एकट्याच्या शर्यतीत होती. एका नियमाची पोरं अशी तीन दिशांना पांगली.

उडण्यावरून आठवलं. 1900 च्या सप्टेंबरात विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट हा रेल्वेने याच एलिझाबेथ सिटीत उतरला होता. त्याला उडण्याचे प्रयोग करायला समुद्रकाठच्या किटी हॉकला जायचं होतं आणि तिकडे नेणारं कुणी भेटेना. शेवटी इस्राएल पेरी नावाच्या कोळ्याच्या कळकट शिडाच्या जहाजातून तो याच पास्क्वोटँकवरून निघाला. वाटेत वादळ लागलं. जहाजावरचं अन्न त्याच्या घशाखाली उतरेना. बहिणीने दिलेल्या बरणीतल्या मुरंब्यावर त्याने दिवस काढले. मॉथशी याचा काडीचा संबंध नाही. पण नदीकाठी बसलं की अशी माहिती कानावर येते आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

(दृश्य: गावाचा धक्का. मागे मॉथ बोट पार्कची पाटी.)

गावाने आपली होडी विसरू दिलेली नाही. धक्क्यालगतच्या बागेचं नावच मॉथ बोट पार्क. पाहुण्या होड्यांना इथे धक्क्यावर फुकट बांधू देतात. 1983 मध्ये फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोघा म्हाताऱ्यांनी बाहेरून आलेल्या प्रत्येक होडीवर जाऊन स्त्रियांना गुलाबाचं फूल द्यायची प्रथा सुरू केली. गुलाब जो क्रेमरच्या बागेतले. ज्या गावात असं सुचतं, तिथे एक जुनी शर्यत परत उभी राहिली यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

(दृश्य: पाण्यावर वीसेक शिडं, सुरुवातीच्या रेषेमागे घोटाळणारी.)

पाच मिनिटं उरली. समितीच्या होडीवर झेंडा चढला.

डिंगीच्या शर्यतीत उभं राहून वाट पाहता येत नाही. वारा, पाणी आणि शेजारी, तिन्ही तुम्हाला ढकलत असतात. रेषेच्या मागे घिरट्या घालायच्या, मनगटावरचं घड्याळ बघायचं, आणि शून्याला पूर्ण वेगात रेषेवर पोचायचं. सेकंदभर आधी ओलांडली तर मागे फिरून पुन्हा यावं लागतं. चिंचोळ्या तळाच्या होडीत हे सगळं दोरीवर चालत घड्याळ बघण्यासारखं.

ती पाहा, डावीकडून तिसरी. कलली. कलली... गेली.

कप्तान पाण्यात. कुणी घाबरत नाही, बचावाची मोटारबोटसुद्धा जागची हलत नाही. तो पोहत उलट्या बाजूला जातो, मधल्या पात्यावर पाय देऊन उभा राहतो, मागे झुकतो. शीड पाण्यातून सावकाश वर येतं, चहाच्या रंगाचं पाणी त्यावरून ओघळतं. तो आत चढतो. बाकीचे केव्हाच पहिल्या बोयाकडे निघाले आहेत.

तो दोरी ओढतो. शीड भरतं.

(दृश्य: एकटं शीड, लांब जाणाऱ्या शिडांच्या मागे. आवाज फक्त पाण्याचा.)