केव्हा, काय, कुणासमोर

(सांगली मार्केट यार्ड. सकाळ. हळदीच्या राशी.)

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे सुरू झाले की खरेदीदारांचा घोळका एका राशीवरून दुसऱ्या राशीकडं सरकत जातो. कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. कुणी दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून कान देतो. नीट वाळलेली हळद खणखणीत वाजते, ओली राहिलेली बद्द वाजते. भाव ठरायला एवढं पुरतं, इथं कुणी लिहून काही मागत नाही. याच हळदीवरून आणि कडुनिंबावरून परदेशात पेटंटाच्या लढाया झाल्या. तिथं मात्र पुरावा मागितला गेला.

(शेत. काढणी. कुकरमधून निघणारी वाफ.)

यार्डात येणारा हा माल शेतावरच शिजलेला असतो. आठ-नऊ महिन्यांचं पीक. जानेवारी उजाडला की पाला कापतात, जमीन खणतात आणि गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात. पूर्वी शिजवायला लोखंडी काहिल असायची, खाली चुलवाण. आता बऱ्याच शिवारांत कुकर येतो आणि वाफेवर काम होतं. पाऊण ते एक तास. हळकुंडात काडी सहज घुसली की हळद शिजली. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळताना फुटते. मग दहा-पंधरा दिवस ऊन. शेवटी पॉलिशचा ड्रम.

(ड्रम फिरतो. मूळ आवाज. निवेदन नाही.)

28 मार्च 1995. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं एक पेटंट, म्हणजे शोधावरचा मालकीहक्क, दिलं, क्रमांक 54,01,504. मिसिसिपी विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र त्याचं मालक. विषय : जखम भरून येण्यासाठी हळदीच्या पुडीचा वापर. ती पोटात घ्या किंवा जखमेवर लावा, एकूण सहा दावे, म्हणजे ज्यांवर हक्क सांगितला ते मुद्दे. शोधक म्हणून ज्या दोन संशोधकांची नावं होती, ते दोघेही भारतीय वंशाचे. लहानपणी गुडघा फुटल्यावर त्यांनाही कुणीतरी हळद लावली असेलच. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात त्या हळदीला किंमत नव्हती.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, पुढची सगळी लढाई त्याच्यावरच उभी आहे. पेटंट मिळायचं तर शोध नवा हवा. नवा म्हणजे कुठं नवा? अमेरिकेचा तेव्हाचा नियम असा होता : अमेरिकेत लोक एखादी गोष्ट वापरत असतील, तर ती नवी नाही. परदेशात वापरत असतील, तर तो वापर धरायचा नाही, त्याबद्दल छापलेलं काही असेल तेवढंच धरायचं. म्हणजे शंभर कोटी लोकांनी जखमेवर हळद दाबली तरी तो पुरावा नाही, आणि एखाद्या नियतकालिकातलं एक पान हा पुरावा.

(पुणे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं फाटक. ग्रंथालयाची कपाटं.)

गोव्यात माशेलला जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर 1995 मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोडून दिल्लीला गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. हळदीच्या पेटंटला आव्हान द्यायचं, हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. तेव्हा देशात संताप भरपूर होता. भाषणं झाली, अग्रलेख झाले. सीएसआयआरनं मात्र कागद शोधायला माणसं बसवली.

सापडले 32 संदर्भ. काही संस्कृत, काही उर्दू, काही हिंदी. काही शंभर वर्षांहून जुने. त्यात 1953 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक मजकुराचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. ऑक्टोबर 1996 मध्ये हा गठ्ठा अमेरिकी पेटंट वकिलांमार्फत फेरतपासणीच्या अर्जासोबत दाखल झाला.

या वकिलांचं काम पडद्यावर दिसत नाही, कारण ते टेबलावर चालतं. दिल्लीतला वैज्ञानिक म्हणतो, या ग्रंथात हळद आहे. तिकडचा वकील विचारतो, पुडी आहे की लेप? जखमेवर आहे की त्वचारोगावर? ग्रंथ कोणत्या साली छापला, आणि तो वाचकांना उपलब्ध होता का? दाव्यातला प्रत्येक शब्द आणि ग्रंथातली प्रत्येक ओळ शेजारी-शेजारी ठेवायची. आपल्या भावनेला हे रुक्ष वाटतं. पेटंट कार्यालयातला परीक्षक वाचतो ते एवढंच.

आणि झालंही तसंच. परीक्षकानं पहिल्या फेरीत सगळे दावे नाकारल्यावर शोधकांनी बाजू मांडली की पुडी आणि लेप यांचे गुणधर्म वेगळे, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. हा युक्तिवाद टिकला नाही. 1997 मध्ये दावे फेटाळले गेले आणि 1998 मध्ये तसं प्रमाणपत्र निघालं.

(जून. लिंबाखाली लिंबोळ्या वेचणाऱ्या बायका.)

आता कडुनिंब. पहिल्या पावसाच्या आगेमागे लिंबोळी पिकून पडते. वेचायची, गर धुऊन काढायचा, सावलीत वाळवायची. कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची. पाच किलो चुऱ्याचं शंभर लिटर पाणी झालं की तो पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. थोडा साबण घातला की पानाला चिकटतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कृषी सहायकांना हे तोंडपाठ आहे.

(तेलघाणा. पेंड बाहेर पडते.)

पण युरोपात ज्यावरून खटला झाला, ते हे पाणी नव्हतं. ते तेल होतं. वाळलेली लिंबोळी भरड करायची, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकानं तेल काढायचं, द्रावक उडवून टाकायचा. मग त्या तेलात पाण्याशी एकजीव करणारं द्रव्य घालायचं आणि झाडावरच्या बुरशीवर फवारायचं. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं, या दोघांनी मिळून युरोपीय पेटंट कार्यालयाकडं डिसेंबर 1990 मध्ये अर्ज केला. सप्टेंबर 1994 मध्ये पेटंट मिळालं. क्रमांक 04,36,257.

गुढीपाडव्याला आपण कडुनिंब खातो, कणगीत त्याचा पाला घालतो, हे सांगून असलं पेटंट पडत नाही. या खटल्याबद्दल आपल्याकडं जे बोललं जातं त्यात इथंच गल्लत होते. पाडव्याच्या पानांचा आणि द्रावकानं काढलेल्या तेलाचा कायद्याच्या दृष्टीनं काही संबंध नाही. नेमकं तेच तेल, नेमकं बुरशीवर, 1990 च्या आधी आणि उघडपणे कुणीतरी वापरलेलं दाखवायला हवं.

(म्युनिक. इजार नदी. युरोपीय पेटंट कार्यालयाची इमारत.)

युरोपीय कायद्याची एक बाजू आपल्या सोयीची होती. तिथं जगात कुठंही, कोणत्याही रीतीनं लोकांपुढं आलेली गोष्ट नवी धरत नाहीत. छापील असो, तोंडी असो, नुसता वापर असो. शिवाय पेटंट जाहीर झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कुणीही विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी आपलं नुकसान झालेलं असण्याची अट नाही. अट आहे ती वेगळीच : युरोपीय पेटंट करारातल्या देशांबाहेरच्या माणसाला स्वतः उभं राहून कारवाई चालवता येत नाही. तिथला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

म्हणून ही लढाई एका देशाची राहिलीच नाही. दिल्लीहून वंदना शिवा. ब्रसेल्सहून मॅग्डा आल्व्हूट, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या नेत्या, ज्या पुढं बेल्जियमच्या मंत्री झाल्या. सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ, आयफोम, आणि त्याच्या वतीनं लिंडा बुलार्ड. आणि या सगळ्यांची बाजू कायद्याच्या भाषेत मांडायला स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठातले प्राध्यापक फ्रिट्झ डोल्डर. विरोध जून 1995 मध्ये दाखल झाला. नऊ महिन्यांची मुदत संपायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

त्या विरोधात नैतिकतेचाही मुद्दा होता. लोकांचं ज्ञान उचलणं सार्वजनिक नीतीला धरून नाही, असा. चळवळीचा जीव त्या मुद्द्यात होता. निकाल त्यावर लागला नाही. तो लागला नवेपण आणि शोधकता, म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही असं काही असणं, या दोन कोरड्या शब्दांवर. आमच्या मते डोल्डर यांची खरी कामगिरी हीच : चळवळीचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, पण खटल्याचा भार त्याच्यावर टाकला नाही.

(पुणे जिल्हा. फवारणी. पाठीवर पंप घेतलेला शेतकरी.)

आणि भार पेलणारी माहिती मिळाली ती महाराष्ट्रात. कडुनिंबाची उत्पादनं बनवणाऱ्या एका भारतीय कारखान्याच्या चालकानं पुणे आणि सांगली या जिल्ह्यांत 1985 आणि 1986 साली शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. म्हणजे ग्रेस कंपनीच्या युरोपातल्या अर्जाच्या चार-पाच वर्षं आधी.

पण चाचणी घेतली होती, एवढं सांगून भागत नाही. आधीचा वापर सिद्ध करायचा असेल तर म्युनिकचं कार्यालय ठरलेले प्रश्न विचारतं. केव्हा वापरलं? नेमकं काय वापरलं? आणि कुणासमोर, कोणत्या परिस्थितीत? तिसरा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण खटले त्याच्यावरच बुडतात. कंपाउंडच्या आत, गुप्ततेच्या करारावर सह्या घेऊन चाचणी केली असेल, तर ती लोकांपुढं आली असं धरत नाहीत. बांधावर शेतकरी उभे होते, कुणावर कसलं बंधन नव्हतं, पाहिलेलं घरी जाऊन सांगायला ते मोकळे होते, तर ती आली. आपल्याकडं शिवारात कुणी पंप घेऊन उतरला की बघे जमतातच. ती गर्दी इथं कायद्याच्या कामाला आली.

(म्युनिक. इमारतीचा दरवाजा. आत जाणारी माणसं.)

9 आणि 10 मे 2000. दोन दिवस तोंडी सुनावणी. त्या दालनात कॅमेरा नव्हता, म्हणून आमच्याकडं आहे ते हे बाहेरचं दार. कारखान्याचे ते चालक भारतातून तिथं जाऊन साक्षीला बसले. तेल कसं काढलं, किती मिसळलं, कुठं फवारलं, कोण हजर होतं, हे त्यांना विचारलं गेलं. बनारस हिंदू विद्यापीठातले एक कृषिशास्त्रज्ञही विरोधकांच्या बाजूनं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पेटंट रद्द झालं.

अपील झालं. 8 मार्च 2005 ला तेही फेटाळलं गेलं. विरोध दाखल झाल्यापासून हे जवळपास दहा वर्षांनी. हा निकाल त्या एका युरोपीय पेटंटपुरता होता. कडुनिंबावरची बाकीची पेटंटं, अमेरिकेतली धरून, त्यानं गेली नाहीत.

(दिल्ली. संगणकावर संस्कृत श्लोक. शेजारी जपानी मजकूर.)

एकेका पेटंटामागं असा वेळ आणि वकिलांची फी घालणं कुठल्याच सरकारला परवडणारं नाही. म्हणून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय आलं, काम सुरू झालं 2001 मध्ये. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या शाखांतले औषधांचे नुसखे ग्रंथांतून उचलायचे, प्रत्येकाला वर्गीकरणाचा संकेतांक द्यायचा आणि ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडायचे. वैद्य, संस्कृतचे जाणकार, संगणकवाले आणि पेटंट परीक्षक एका खोलीत. पडद्यावरचा श्लोक बघा : हळदीचं संस्कृत नाव, त्याखाली वनस्पतीचं लॅटिन नाव, त्याखाली रोगाचं आजचं नाव. म्युनिकच्या परीक्षकाला आता संस्कृत यायची गरज नाही. 2009 मध्ये युरोपीय आणि अमेरिकी पेटंट कार्यालयांशी करार झाले, पुढं इतर देशांशी. यामुळं बरेच अर्ज मागं घेतले गेले किंवा बदलले गेले.

या ग्रंथालयात ग्रंथ आहेत. शिवार मात्र त्यात सहजासहजी येत नाही. पुणे-सांगलीतल्या त्या चाचण्या कोणत्याही संहितेत सापडल्या नसत्या. त्या एका माणसाकडं होत्या, आणि त्याला शोधून म्युनिकपर्यंत नेणारी माणसं भेटली. कृषी महाविद्यालयांच्या माळ्यावर पडलेल्या प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, सहकारी संघांची जुनी पावतीपुस्तकं, तारखेसह छापलेली शेती मासिकं. यातलं काय उद्या कुणाला लागेल, हे आज सांगता येत नाही. दर मार्चअखेर रद्दीत जातात ते हेच गठ्ठे.

(सांगली. सौदा संपतो. पोती शिवली जातात.)

अमेरिकेनं 2011 मध्ये कायदा बदलला. 16 मार्च 2013 पासूनच्या अर्जांना परदेशातला उघड वापरही आडवा येतो, छापलेलं पान असलंच पाहिजे असं नाही. 24 मे 2024 ला जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार स्वीकारला. पेटंटाचा शोध वनस्पतीसारख्या जनुकीय संपत्तीवर किंवा तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर उभा असेल, तर ते कुठून घेतलं हे अर्जदारानं सांगायचं. अंमल सुरू व्हायला 15 देशांची मान्यता लागते.