राधिकानं सौमित्रशी लग्न करावं का?

नमस्कार मंडळी. आज मालिकांवर बोलायचंय, म्हणजे मालिकांवरून घरोघरी जे वाद होतात ना, त्यांच्यावर. आणि मी सरळ 'माझ्या नवऱ्याची बायको'च घेते, कारण ऑगस्ट २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली ती मार्च २०२१ पर्यंत चालली, एवढी वर्षं राधिका, गुरुनाथ आणि शनाया आपल्या घरचेच होऊन बसले होते. राधिका बायको, गुरुनाथ तिचा नवरा आणि शनाया त्याची प्रेयसी, बाकी स्टोरी परत सांगत नाही, तुम्हाला पाठ आहे.

वाद तरी किती! खरी शनाया कोणती, हा एक. रसिका सुनीलनं २०१८ ला मालिका सोडली, ईशा केसकर आली, २०२० मध्ये परत रसिका, आणि दरवेळी लोक म्हणणार, ही नाही बाई शोभत. दुसरा वाद भाषेचा. राधिका झालेली अनिता दाते मूळची नाशिकची आणि बोलायची नागपूरची भाषा, तर विदर्भातले कितीतरी जण चिडायचे की आम्ही असं बोलतच नाही. असेलही, पण माझं ठाम मत आहे की बोली आपण नेहमी गड्याच्या नाहीतर कामवालीच्या तोंडी टाकली, इथं ती घर चालवणाऱ्या, मसाल्याचा धंदा उभा करणाऱ्या बाईच्या तोंडी आली, हे फार मोठं काम झालं.

पण सगळ्यात जोरात वाद झाला तो राधिकाच्या मित्रावरून, सौमित्रवरून. गुरुनाथला सोडून राधिकानं त्याच्याशी दुसरं लग्न करावं की नाही. तर ऐका.

२०२० ची संक्रांत. नागपूरला माझ्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं, मी मुंबईहून गेले होते. हॉल भरलेला, तिळगूळ चाललाय, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. आणि कोणीतरी विषय काढला, राधिका आणि सौमित्रच्या लग्नाचा. झालं! एक काकू म्हणाल्या, "पोरगा हाय ना तिले, अथर्व, त्याचं काय? आता काय लग्न करायचं वय हाय काय?" दुसरीनं लगेच उचललं, "अन् गुरुनाथ शनायाच्या मागं फिरला तवा नाही आठवला काय पोरगा?" आवाज चढले, चहा तसाच गार झाला. मी पण बोलत होते तावातावानं, आणि बोलता बोलता माझं लक्ष गेलं दाराकडे. बहिणीची मुलगी अत्तरदाणी हातात घेऊन तिथंच उभी. घटस्फोट होऊन माहेरी आलेली, पदरात छोटी लेक. तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय त्या घरात कोणी काढत नव्हतं, तिची आई तर अजिबात नाही.

मग कोपऱ्यात पाटावर बसलेली आत्या बोलली. घरातली सगळ्यात मोठी, तरुणपणीच विधवा झालेली. म्हणाली, "करू द्या तिले लग्न. मले कोनं इचारलं असतं ना तवा, तर मी हो म्हनली असती."

एवढंच. हॉलमध्ये कोणाला काही सुचेना. बहीण उठून आत गेली, मला वाटलं आता रडारड होणार, पण नाही, ती चहा परत गरम करून घेऊन आली आणि पहिला कप मुलीच्या हातात दिला. आणि लॉकडाऊनमध्ये बहिणीचाच मला फोन, "तिकडं कोनी चांगला मुलगा असंल पोरीसाठी, तर पाह्यजो." नावगाव नाही, राधिकाचा उल्लेख नाही, पण बोलणं तिथूनच सुरू झालं होतं ना.

म्हणून मी सांगते, आपण राधिकाबद्दल बोलतो तेव्हा घरातल्याच कोणाबद्दल तरी बोलत असतो. जे नाव घेऊन बोलता येत नाही ते मालिकेतलं नाव घेऊन बोलता येतं. लोक म्हणतात बायका रिकामटेकड्या, मालिकेवरून भांडतात. ते मला बिलकुल पटत नाही.

आता टीआरपी, म्हणजे कुठली मालिका किती बघितली जाते त्याचा आकडा. हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, देशभरातल्या हजारो घरांत मीटर लावलेत त्यावरून, आणि त्यावर मालिकेतल्या गोष्टीची वळणं बदलतात. मीटरला कळतं टीव्ही कुठल्या चॅनलवर आहे, आत्या काय म्हणाली ते कळत नाही.

आणि राधिकाचं लग्न लागलं, थाटात लागलं, पण नंतर काय? परत गुरुनाथच्याच उचापती, शनाया होतीच, त्यात माया नावाची आणखी एक आली. जुलै २०२० मध्ये शूटिंग परत सुरू होऊन नवे भाग लागले तेव्हा भाचीचा मला फोन, "मावशी, सौमित्र अथर्वशी घरात कसा वागतो ते हे लोक नीट दाखवतच नाहीत गं." तिला तेच बघायचं होतं. नवा माणूस मुलाला अभ्यासाला बसवतो का, रागावतो का, मुलगा त्याला काय हाक मारतो. तर मालिका लिहिणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, लग्नाचा आठवडा थोडा कमी करा, आणि हे दाखवा.