साडेतेरा हजारांत किती ताटं?

[दृश्य: टेबलावर पगारपावती. कॅमेरा एकेका आकड्यावरून खाली सरकतो.]

ही पगारपावती नमुन्यादाखल बनवलेली आहे. पुण्यातलं एक कापडाचं दुकान, पंचवीसेक माणसं कामाला. त्यातला हा एक अकुशल कामगार. गठ्ठे उतरवायचे, तागे मांडायचे, गिऱ्हाईक उठून गेलं की पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या.

महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी जुलै २०१९ मध्ये किमान वेतनाचे जे दर ठरले, त्यात पहिल्या परिमंडळातल्या, म्हणजे पुण्या-मुंबईसारख्या शहरांतल्या अकुशल कामगाराचं मूळ वेतन १०,०२१ रुपये होतं. त्यावर विशेष भत्ता. तो महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेला असतो आणि दर १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. आकडा सारखा हलता असल्यामुळे आपण हिशेबापुरते दोन्ही मिळून १३,५०० धरू.

हा झाला कागदावरचा पगार. त्यातून पीएफचे १२ टक्के, १,६२० रुपये जातात. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, वरच्या रुपयापर्यंत धरून १०२. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात उरतात ११,५७८. घरभाडे भत्ता? राज्याच्या १९८३ च्या कायद्याने किमान पाच टक्के मिळतो, पण पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे. या दुकानात पंचवीस आहेत, त्यामुळे तो रकाना कोरा.

[दृश्य: जुना काटा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात तांदूळ पडू लागतो.]

किमान वेतन कुटुंबाला पुरावं, ही काही आजची मागणी नाही. ते कसं मोजायचं हेही १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलेलं आहे. खाण्याच्या गरजेचं माप म्हणजे एकक. कमावता पुरुष एक एकक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज तीन. या तीन एककांना पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारमानाप्रमाणे दिवसाला प्रत्येकी २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. वर घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडायला सांगितले.

या मोजणीत आईवडील कुठेच नाहीत, हे लक्षात घ्या. घरात म्हातारी आई असेल तर सूत्राच्या हिशेबात तिचं ताटच वाढलेलं नाही. २०१९ मध्ये किमान वेतनासाठी केंद्राने नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीने तीनऐवजी ३.६ एककं धरावीत असं सुचवलं होतं. आपण जुनी तीनच धरून बघू.

सातव्या वेतन आयोगाने हेच सूत्र घेऊन महिन्याचा शिधा मांडला होता. तोच शिधा घेऊन किराणा दुकानात उभं राहू. भाव आपण आजच्या पुण्यातले, साधारण मालाचे लावले आहेत. वाण आणि हंगामाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल.

गहू-तांदूळ पावणेत्रेचाळीस किलो, सरासरी ४५ रुपयांनी १,९२४. डाळी ७.२ किलो, १२० ने ८६४. भाजी, पालेभाजी, कांदे-बटाटे मिळून २७ किलो, ४५ ने १,२१५. फळं १०.८ किलो, ८० ने ८६४. दूध १८ लिटर, ५८ ने १,०४४. साखर-गूळ ५ किलो, २२५. तेल ३.६ किलो, १५० ने ५४०. अंडी ९०, म्हणजे ६३०. मासे अडीच किलो, ७५०. मटणाचं नाव न काढता पाच किलो कोंबडी, १,१००.

बेरीज ९,१५६. मीठ, मसाला, चहा, साबण अजून आलेलेच नाहीत.

[दृश्य: ११,५७८ मधून ९,१५६ वजा होतात. पडद्यावर २,४२२.]

राहिले २,४२२, आणि अजून घर शोधायचंय.

वस्तीतली दहा बाय दहाची खोली, मोरी आतच, संडास सामायिक. भाडं पाच हजार धरलं तरी पुण्यात कुणी फार धरलं म्हणणार नाही. शिवाय डिपॉझिट. विजेचं मीटर घरमालकाच्या नावावर, खोलीत सबमीटर, आणि युनिटचा दर मालक म्हणेल तो. म्हणजे घरगुती वापराच्या स्वस्त टप्प्याचा फायदा भाडेकरूपर्यंत पोचतच नाही.

वेतनाचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या नव्या वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांच्या २०२० च्या मसुद्यात भाडं कसं धरलंय तेही बघा. अन्न आणि कपड्यांच्या खर्चाच्या दहा टक्के. आपला अन्नाचा खर्च ९,१५६. कापड महिन्याला साडेपाच मीटर, दीडशे रुपयांनी ८२५. मिळून ९,९८१. त्याचे दहा टक्के, ९९८ रुपये. या पैशात पुण्यात खोली सोडाच, रिक्षा लावायला रात्रीची जागा मिळाली तरी नशीब.

खरं भाडं धरून सूत्र पूर्ण करू. ९,९८१ अधिक ५,००० म्हणजे १४,९८१. जळण-दिवाबत्तीचा वाटा एकूण रकमेच्या वीस टक्के, म्हणून ०.८ ने भागायचं. उत्तर १८,७२६. त्यावर शिक्षण-औषधपाण्याचे पंचवीस टक्के. २३,४०८.

हातात येतात त्याच्या जवळपास दुप्पट.

मग महिना निघतो कसा? शिध्याच्या यादीतून. आधी फळं जातात. मग मासळी-कोंबडी रविवारपुरती, तीही पहिल्या पंधरवड्यात. अठरा लिटर दुधाचं पाच-सहा लिटर होतं, म्हणजे फक्त चहापुरतं. डाळ पातळ होत जाते. गहू-तांदूळ मात्र कमी होत नाहीत, कारण पोट त्यांनीच भरतं. म्हणून नुसत्या कॅलरी मोजल्या तर गणित बऱ्यापैकी जुळल्यासारखं दिसतं आणि प्रथिनांत मार बसतो. सत्पथी समितीने कॅलरी २,४०० वर आणल्या, पण ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ वेगळे मोजले, ते यासाठीच.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, रेशन आहे की. रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, हे खरं. चौघांचं वीस किलो, म्हणजे जवळजवळ निम्मा प्रश्न सुटला. पण शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवलेली आहे. आपल्या कामगाराचं वर्षाचं वेतन होतं १,६२,०००. केशरी कार्डाची हद्दसुद्धा एक लाखाला संपते. म्हणजे नियमावर बोट ठेवलं, तर पूर्ण किमान वेतन घेणारा माणूस पांढऱ्या कार्डाचा धनी. एक खातं ज्याला जेमतेम जगण्यापुरतं म्हणतं, त्याला दुसरं खातं सुखवस्तू ठरवतं.

[दृश्य: सरकारी कार्यालयाची पायरी. शिपाई फायली घेऊन जातोय.]

सूत्र फाजील उदार आहे, असाही आक्षेप असतो. तसं म्हणायचं तर सातव्या वेतन आयोगाने हेच सूत्र वापरून जानेवारी २०१६ पासून सर्वांत खालच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला १८,००० मूळ वेतन दिलं. त्यात कौशल्याचा म्हणून २५ टक्के भाग होता, हे मान्य. तो काढला तरी आकडा तेरा हजारांच्या वर राहतो, आणि तोही २०१६ च्या भावांनी. त्यानंतर साडेतीन वर्षांनी दुकानातल्या अकुशल कामगाराचं मूळ वेतन ठरलं १०,०२१. गहू दोघांनाही एकाच भावाने मिळतो.

विशेष भत्त्याने ही दरी भरत नाही. भत्ता फक्त महागाईची झीज भरून काढतो. मूळ आकडाच तोकडा असेल, तर भत्ता तो तोकडेपणा जपून ठेवतो. म्हणून कायद्याने मूळ दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करायचा असतो. या उद्योगात तो २०१० नंतर थेट २०१९ ला झाला.

आता बारा तासांची ड्युटी. सुरक्षारक्षक, हॉटेल, गोदाम, सगळीकडे हीच. जादा कामाला दुप्पट दर. १३,५०० ला २६ दिवसांनी भागलं की रोज ५१९ रुपये, आठ तासांचे. वरचे चार तास दुपटीने म्हणजे पुन्हा आठ तासांइतकेच. अर्थात बारा तासांचा महिना भरला, तर पगार २७,००० व्हायला हवा. कुटुंबाला पुरेल असा आकडा शेवटी सापडतो तो इथे. पण सर्रास दिला जातो तो १३,५००, किंवा वर हजार-दोन हजार. शिवाय इतका ओव्हरटाइमच नियमात बसत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्यात मर्यादा होती तीन महिन्यांत १२५ तास. बारा तासांच्या ड्युटीत ते ३१२ होतात. त्यामुळे हजेरीपटावर आठच तास चढतात.

बाकीच्या युक्त्या ठरलेल्या. बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि दोन हजार रोख परत मागायचे. मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराच्याच १३,५०० तून कापायचा. २६ दिवस राबवून पावतीवर २० हजेऱ्या दाखवायच्या, म्हणजे रोजचा दर बरोबर दिसतो.

[दृश्य: मोबाइलवर काढलेले हजेरीपटाचे फोटो, तारखेसह.]

पगार कमी मिळतोय का, हे तपासायचं तर आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: आपल्या कामाला कोणत्या उद्योगाचे दर लागू होतात, परिमंडळ कोणतं, आणि चालू सहामाहीचा विशेष भत्ता किती. तिन्ही कामगार आयुक्त कार्यालयात विचारता येतात. मग मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, भागिले २६, गुणिले भरलेले दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली आहे, आणि थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. वेतन दिलं होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तास किती भरले हे मात्र हजेरीपटावरूनच ठरणार, आणि हजेरीपट मालकाकडे. त्यामुळे रोज ड्युटी सुटताना काढलेला एक फोटो किंवा खिशातल्या वहीत येण्या-जाण्याची वेळ, एवढं तरी कामगाराच्या स्वतःजवळ असायला हवं.