मक्याला कोळशाची जोड

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मक्याला टाकलेल्या युरियातला बराचसा नत्र मक्याला मिळतच नाही. हलक्या जमिनीत जोराचा पाऊस झाला, की तो नायट्रेटच्या रूपात मुळांच्या खाली वाहून जातो. वरच्यावर पडून राहिला, तर अमोनिया होऊन हवेत उडतो. खर्च पूर्ण होतो, कणीस मात्र भरत नाही. हे मला फार खुपतं, म्हणून आज बायोचारबद्दल बोलतो.

मक्याची ताटं, दाणे काढलेली कणसं असा वाळलेला काडीकचरा अगदी कमी हवेत भाजला, की त्याची राख न होता कोळसा होतो. तोच हा बायोचार. निमुळत्या खड्ड्यात थराथराने जाळून, राख होण्याआधी पाणी मारून विझवला की झालं. हा कोळसा ओला करूनच हाताळा. त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी थांबतं आणि अमोनियम, पालाश धरून ठेवले जातात. आम्ल जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो, त्यामुळे लोह आणि ॲल्युमिनियमने अडवलेलं स्फुरद थोडं मोकळं होतं. पण मंडळी, कोळसा म्हणजे खत नव्हे! त्यात पिकाला मिळेल असा नत्र जवळजवळ नसतो. उलट ताजा, कोरडा कोळसा जमिनीतलाच नत्र काही काळ अडवतो आणि रोपं पिवळी पडतात. म्हणून तो आधी शेणखतात किंवा गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवा, मग पेरणीच्या ओळीत मातीत मिसळा. रासायनिक खत चालूच ठेवा: स्फुरद, पालाश आणि थोडा नत्र पेरणीला, उरलेला नत्र पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा येण्याआधी.

आता पैशाचं. हेक्टरी दहा टन पसरायचे म्हणजे चौरस मीटरला एक किलो. एवढा कोळसा विकत घेतला, तर एका हंगामात खर्च निघणं कठीण. घरच्या काडीकचऱ्याचा केला आणि फक्त ओळीत दिला, तर कमी पुरतो. शिवाय तो वर्षानुवर्षं जमिनीत टिकतो, दरसाल घालावा लागत नाही. मात्र जनावरांचा चारा यासाठी जाळू नका. आणि जमीन चुनखडीची किंवा आधीच सुपीक असेल, तर या खटाटोपात पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा एकाच वावरात दोन पट्टे करा. दोन्हींना खत सारखंच, कोळसा मात्र एकालाच. मळणीनंतर दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजा, कोळशाची मजुरी वजा करा आणि मगच पुढच्या वर्षी किती क्षेत्रावर करायचं ते ठरवा. नमस्कार.