मुळीची पुडी

श्रोतेहो, नमस्कार.

गुहागरचे माझे थोरले मामा म्हणजे बोलका माणूस. गुरुवारच्या भजनाला पहिले हजर. एका पावसाळ्यात त्यांचं नाक चोंदलं, ते काही केल्या मोकळं होईना. मामीने वाफारे दिले, सुंठीचा काढा दिला. महिना गेला. मग मामा गप्प गप्प झाले. भजन सुटलं, जेवण कमी झालं. ओटीवर नुसते बसून राहायचे, उठले की भोवंड यायची. एका सकाळी न्हाणीघरात पडलेच.

तालुक्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, ती मंद. रक्तदाब खूप खाली. त्यांनी विचारलं, "आजोबा, बीपीच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"औषध नाही हो, झाडपाला आहे."

मामीने पुडी आणून दाखवली. सर्पगंधेच्या मुळीची पूड! बाजारात कुणी दिलेली, रोज अंदाजाने घेतलेली. चोंदलेलं नाक, उदास मन, मंद नाडी, सगळं त्या पुडीतलं.

आता ही मुळी खोटी नाही बरं का. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन पाहिली आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडला तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या शाळेत जेनरची देवीची लस घोकून घेतली, वकिलांचं नाव कुणी काढलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.

रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनॅलिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आवळायला लावणाऱ्या रसायनाचा, साठा रिकामा करतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पण तोच हात मेंदूतल्या साठ्यालाही लागतो, म्हणून मन खचतं. गोळीत मात्रा मोजलेली असते. पुडीत ती मोजलेली नसते. पुन्हा सांगते, पुडीत मात्रा मोजलेली नसते. डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक पुडी, प्रत्येक काढ्याची बाटली पिशवीत घालून न्या.

या औषधाचा असर सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो. पूड बंद झाली तरी मामांना सावरायला कित्येक आठवडे लागले. नवरात्रात मामीचा फोन आला. ती काही बोलली नाही, फोन नुसता देवळाकडे धरला. झांजांच्या आवाजात मामांचा आवाज होता.