बाहेरच्या पुस्तकातला घोडा

शालोम मंडळी, नमस्कार.

कोकणातून इस्राएलात आलेल्या आपल्या बेने इस्राएल मंडळाच्या वर्षभराच्या कामाबद्दल बोला, असं मला सांगितलं होतं. कागद लिहूनही आणला होता. पण परवाच्या शुक्रवारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. ती तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय मला दुसरं काही बोलता येणार नाही.

माझी नात तिसरीत आहे. त्या आठवड्याची परशा, म्हणजे तोरातला त्या आठवड्याचा पाठ, होती ‘शेलाख लेखा’, बारा हेरांची. चाळीस दिवस देश हिंडून आलेले हेर सांगतात की तिथे अनाकाचे वंशज आहेत, महाकाय आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आमच्याच नजरेत टोळ होतो. पोरीने वर्गात विचारलं, ‘नोहाच्या प्रलयात सगळे बुडाले ना? मग हे महाकाय आले कुठून?’ तेव्हा तिच्या बाकावरची मैत्रीण उठली आणि म्हणाली, ‘माझ्या आजोबांच्या पुस्तकात त्यांची सगळी हकिकत आहे.’ या मैत्रिणीचं घर इथिओपियातून आलेलं, तिथल्या यहुद्यांचं, बेटा इस्राएल. आजोबा त्यांच्यातले ‘केस’, म्हणजे धर्मगुरू. बाई म्हणाल्या, ‘ते पुस्तक तनाखमध्ये, आपल्या पवित्र ग्रंथांत नाही, ते बाहेरचं.’ आणि धडा पुढे गेला.

पोर घरी आली. मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘आजी, तुझ्या एलियाहू संदेष्ट्याचा घोडा कुठल्या पुस्तकात आहे? आतल्या की बाहेरच्या?’

हातातला वाल हातातच राहिला.

तेव्हा मी विषय बदलला, आणि आम्ही दोघी महाकाय मोजायला लागलो. तोराच्या पाचव्या पुस्तकात, देवारीममध्ये, बाशानच्या ओग राजाचा लोखंडी पलंग आहे, नऊ हात लांब, चार हात रुंद. हिब्रूतली ‘अम्मा’ म्हणजे आपला हातच की, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माझा हात फरशीवर टेकवत टेकवत आम्ही दिवाणखान्याच्या भिंतीपासून निघालो, तो पलंग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन संपला. मग दावीदाने मारलेला गल्याथ. शमुवेलच्या पुस्तकात तो सहा हात आणि एक वीत, म्हणजे आमच्या छताला भोक पाडून वर. पण मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत त्याच पुस्तकाची जी जुनी प्रत मिळाली, तिच्यात तो चार हात एक वीत आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही तसाच. तेवढा गल्याथ आमच्या दारातून वाकून आत येईल! पोरीने तिथेच मला धरलं. ‘म्हणजे आतल्या पुस्तकातही दोन गल्याथ आहेत?’ आहेत, बाळा.

आता त्या मैत्रिणीच्या पुस्तकाचं सांगते. ते नोहाच्या पणजोबांच्या, हनोखाच्या नावाचं पुस्तक. तोराच्या पहिल्या पुस्तकात, बेरेशीतच्या सहाव्या अध्यायात चारच वचनं आहेत: देवपुत्रांनी मानवकन्या पाहिल्या, त्यांच्याशी लग्नं केली, त्या दिवसांत पृथ्वीवर नेफिलीम, म्हणजे महाकाय, होते, आणि त्यानंतरही होते. एवढं सांगून तोरा पुढे जाते. हनोखाचं पुस्तक तिथे थांबतं. दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, आपसात शपथ घेतात. त्यांच्यातला अझाझेल माणसांना तलवारी घडवायला शिकवतो, डोळे रंगवायला शिकवतो. त्यांची मुलं तीन हजार हात उंच, हर्मोनच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत. ती मुलं माणसांनी पिकवलेलं सगळं खाऊन टाकतात आणि धान्य संपल्यावर माणसांकडे वळतात. मी हे वाचलं तेव्हा मला ती राक्षसांची गोष्ट वाटली नाही, भुकेची वाटली. ज्यांनी लिहिलं त्यांनी परक्या राजांची सैन्यं आपल्या शेतातून जाताना पाहिली असणार, असं माझं मत आहे.

हे पुस्तक संपूर्ण टिकलं ते फक्त इथिओपियात, गीझ भाषेत. बाकी जगाने ते हरवलं होतं. आणि १९५२मध्ये कुमरानची चौथी गुहा उघडली, तर तिच्यात ह्याच पुस्तकाचे अरामी तुकडे! अकरा हस्तलिखितांचे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मृत समुद्राकाठी बसून आपलीच माणसं ते वाचत होती, उतरवून घेत होती. ज्याला आज आपण बाहेरचं म्हणतो, ते एके काळी घरातलं होतं.

तनाखची सीमा आखणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. कुंपण नसेल तर शेत राहत नाही, हे अलिबागकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. रब्बी अकिवांचं वचन मिश्नामध्ये, रब्बींच्या जुन्या धर्मसंहितेत, आहे की जो बाहेरची पुस्तकं वाचतो त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. पण ‘गीतरत्न’ हे प्रेमकाव्य पवित्र की नाही यावर वाद झाला, तेव्हा याच अकिवांनी ते पवित्रांत पवित्र म्हणून उचलून धरलं. म्हणजे ते आज आत आहे, ते कुणीतरी भांडलं म्हणून. आणि ‘प्रलयातून महाकाय कसे वाचले’ हा माझ्या नातीचा प्रश्न आपल्या रब्बींनाही पडला होता. त्यांनी उत्तर दिलं की ओग वाचला, तारवाच्या शिडीवर बसून राहिला आणि नोहा त्याला भोकातून अन्न देत होता. ही गोष्ट तनाखमध्ये कुठे आहे? कुठेच नाही. पण ती रब्बींची आहे म्हणून चालते. गीझमध्ये लिहिलेली चालत नाही. आणि मराठीत सांगितलेली?

आता मूळ प्रश्नाकडे येते, पोरीच्या घोड्याकडे. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरचा टापा, म्हणजे एलियाहूच्या घोड्याच्या टापेची खूण, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिला आहे. माझ्या आजीने माझा हात धरून त्या खुणेत ठेवला होता. खडक उन्हाने तापलेला, मी हात काढायला बघतेय आणि ती म्हणतेय, ‘ठेव, ठेव, इथून एलियाहू हनाबीचा रथ वर गेला.’ तनाखमधल्या राजांच्या पुस्तकात रथ यार्देन नदीपलीकडून गेला आहे. खंडाळा तिथे नाही. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली आपली सात जोडपी नाहीत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनिवार तेली नाहीत, एलियाहूच्या नावाने करायच्या मलिद्याचे पोहे-खोबरं नाही. आपण नाही आहोत, मंडळी, कुठल्याच आतल्या पुस्तकात.

तनाखमध्ये मरण न येता वर गेलेले आपले दोघेच, हनोख आणि एलियाहू. एकाचं पुस्तक इथिओपियाने सांभाळलं, दुसऱ्याच्या घोड्याची टाप कोकणाने. आणि दोन्हींना ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारलं गेलं.

आपल्याला तर फार कडक शब्दांत विचारलं गेलं. १९६२ साली लग्नाआधी बेने इस्राएलांचं कूळ तपासण्याचा इस्राएलच्या मुख्य रब्बींचा आदेश निघाला. माझ्या आत्याचं लग्न एका कचेरीत महिनोन् महिने अडलं. ती आजीच्या आजीचं नाव सांगत होती आणि समोरचा माणूस कागद मागत होता. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं बायकापोरांसह यरुशलेमात ठाण मांडून बसली. क्नेसेतने, इथल्या संसदेने, सांगितलं की हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि आदेशातून आपलं नाव निघालं. तेव्हा आपण स्वतःला टोळ समजलो नाही.

म्हणून रागावल्याशिवाय राहवत नाही. इथे याच सभागृहात, चहाच्या टेबलाशी मी ऐकलं आहे, ‘त्या इथिओपियावाल्यांचं काय खरं, त्यांची पुस्तकंच वेगळी.’ हे आपण बोलायचं? आत्या जिवंत असताना? आणि दुसरं. आपल्या किती घरांत आजोबांच्या कीर्तनांच्या वह्या बिछान्याखाली पडल्या आहेत? कुणी वाचतं? आमच्याही पडल्या आहेत, मीही उघडल्या नव्हत्या. बेटा इस्राएलांनी हनोख इतकी शतकं हाताने उतरवत ठेवला. आपण दोन पिढ्यांत वही बांधून माळ्यावर टाकली.

शब्बाथ उलटल्यावर मी पोरीला बसवून टाप्याची गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी हिब्रूत. ‘तापलेला खडक’ तिला कळलं, ‘ठेव, ठेव’ कळलं नाही. तिने ते आपल्या वहीत हिब्रूत उतरवून घेतलं, मैत्रिणीच्या आजोबांना दाखवायचं म्हणून. मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं नीट होतं, फक्त ‘टापा’चा ‘तापा’ झाला होता. हिब्रूत ट नाही. मी म्हटलं, ‘टापा.’ ती म्हणाली, ‘तापा.’ मी माझी जीभ टाळूला लावून दाखवली. तिने तीनदा प्रयत्न केला, आणि वहीत जसं होतं तसंच वाचलं.